पुण्याला कोण आहे आपलं?

अण्णांना हर्निया निघाला. सोनोग्राफीचा कागद घरी आला तशी ओसरीवर बैठक बसली. वय 72, साखर आटोक्यात, घाई काही नाही, सवडीने करून टाका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बैठकीत आजारावर चर्चा झाली दोन मिनिटं. चहा आला. मग थोरल्या काकूंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"पुण्याला कोण आहे आपलं?"

झालं. इथून पुढे वैद्यकशास्त्राचा संबंध संपला.

पुण्याला भाचा आहे. भाच्याचा फ्लॅट आहे, फ्लॅटला लिफ्ट आहे, पाहुण्यांची वेगळी खोली आहे, कमोड आहे. शिवाय भाच्याच्या बायकोची मैत्रीण एका मोठ्या हॉस्पिटलात आहे. कशात? बिलिंगमध्ये. म्हणजे ओळख निघाली! ऑपरेशन कोण करणार, असं यानंतर कुणी विचारलं असतं तर घरात फूट पाडणारा म्हणून त्याच्याकडे बघितलं गेलं असतं. मी विचारलं नाही.

रुग्ण सगळी माहिती घेऊन, तोलून-मापून हॉस्पिटल निवडतो, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना भाचे नसावेत.

आता तालुक्याला सर्जन नाही असं नाही. आहे. मोटारसायकलने दहा मिनिटं. एमएस झालेला, आणि हर्निया म्हणजे त्याच्या रोजच्या हाताखालचं काम. पण त्याच्यात एक मोठा दोष आहे. तो गावचा आहे.

"लहानपणी आमच्या अंगणात गोट्या खेळायचा. तो माझं पोट फाडणार?" इति अण्णा.

पिकतं तिथं विकत नाही, हे कांद्याबद्दल ऐकून होतो.

गंमत पुढेच आहे. या सर्जनच्याच वर्गातला दुसरा मुलगा पुण्याला गेला आणि तिथेच राहिला. दर गुरुवारी तो तालुक्याला येतो. मेडिकलच्या दुकानावर फलक लागतो, पेपरातून पत्रक पडतं, त्यावर नावाच्या आधी 'पुण्याचे सुप्रसिद्ध'. सकाळी सातपासून नंबर लावायला झुंबड. डिग्री तीच, गाव तेच, गोट्यासुद्धा त्याच अंगणातल्या. फरक फक्त 140 किलोमीटरचा, आणि तो फीमध्ये धरलेला असतो.

जातो-येतो तो सुप्रसिद्ध. राहिला त्याचं काहीतरी बिनसलं असणार.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड जार्विस नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. मनोरुग्णालयांची दप्तरं चाळताना त्यांना दिसलं की रुग्णालय ज्या भागात आहे तिथून रुग्ण भरपूर येतात आणि जसजसं लांब जावं तसतसे कमी होतात. लांबच्या गावांत काय सगळे शहाणेच राहत होते? 1866 मध्ये त्यांनी यावर लेखच लिहिला. अभ्यासक त्याला आजही जार्विसचा नियम म्हणतात.

वेड्यांच्या इस्पितळावरून निघालेला नियम दीडशेहून जास्त वर्षं शहाण्यांना चपखल बसतोय.

अपवाद दोनच. एक, ज्याच्या दारात गाडी आहे. दुसरा, ज्याचा पुण्याला भाचा आहे. यांच्यासाठी नियम उलटा फिरतो. जितकं लांब तितकं चांगलं. दुरून डोंगर साजरे, आणि डोंगरावर एसी लॉबी आणि कॉफीचं मशीन असेल तर विचारूच नका.

बाकीच्यांचं काय?

त्यांच्यासाठी सरकारने हिशेब करून ठेवलाय. सपाट भागात 30,000 माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्र 5,000 किंवा 3,000 मागे. हिशेब चोख आहे. एवढंच की तो डोक्यांचा आहे, पायांचा नाही. पेठेतली 20,000 माणसं दोन गल्ल्यांत मावतात. धडगावातली 20,000 माणसं किती डोंगरांवर पसरलेली असतात, हे मोजायला फाईल कधी धडगावला गेली का?

गेली असेल. जीपने.

बरं, समजा केंद्र जवळ आहे. डॉक्टर कुठे आहेत? मुख्यालयी राहणं सक्तीचं आहे, म्हणजे कागदावर राहणं सक्तीचं आहे. मुलांची शाळा तालुक्याला, म्हणून बिऱ्हाड तालुक्याला, म्हणून रोजचं अप-डाऊन. (डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी त्या क्वार्टरचं छत एकदा पावसाळ्यात बघून यावं.) मग रात्री दोनला ज्याच्या पोटात कळ आली त्याने काय करायचं? सरळ तालुका गाठायचा.

तिथे भेटतात ना डॉक्टर. राहायलाच असतात.

लोक म्हणतात, आता 108 आहे. आहे, आणि बरी आहे. 2014 मध्ये राज्यात 937 गाड्या आल्या आणि हजारो जीव वाचले, हे कबूल करायला सदरलेखकालाही हरकत नाही. पण गाडीत पाय टाकल्या टाकल्या काय सुरू होतं? "सिव्हिलला नको, तिकडं घ्या." "तिकडं कशाला, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचं इकडं आहे." ड्रायव्हरला जवळच्या सोयीच्या रुग्णालयात जायचं असतं. नातेवाइकांना मेव्हण्याच्या ओळखीत जायचं असतं. पेशंटला विचारायची पद्धत नाही. तो आडवा असतो.

आता थोडं दक्षिणेकडे सरकू.

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही अपघाताची बातमी उघडा. पहिलं वाक्य कुठे धडक झाली ते. शेवटचं वाक्य ठरलेलं: अधिक उपचारांसाठी गोवा-बांबोळी येथे हलविण्यात आले. सावंतवाडीचा माणूस मुंबईला पाचशे किलोमीटर जाणार, की तास-दीड तासात गोवा गाठणार? मुंबईच्या वाटेवर तर तो महामार्ग आहे, ज्याचं चौपदरीकरण 2011 पासून सुरू आहे. धडधाकट माणसाचे मणके त्या रस्त्यावर हलतात. मोडलेला माणूस तिकडून कोण नेणार?

म्हणून गोव्याचं मेडिकल कॉलेज. पोर्तुगीजांनी 1842 मध्ये ते सुरू केलं तेव्हा पुढे ते दोडामार्गाच्या माणसाला उपयोगी पडावं असा काही त्यांचा हेतू नसणार. पण उपयोगी पडलं. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1981 मध्ये. जिल्ह्याच्या जन्माआधीपासून पोर्तुगीजांचं रुग्णालय तयार होतं, मग आपण कशाला घाई करायची?

जानेवारी 2018 मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि इकडे एकच गहजब उडाला. आंदोलनं, निवेदनं, मुंबईत बैठका. गोवेकरांचं म्हणणं साधं होतं. आमच्या कराच्या पैशांवर आमचं रुग्णालय, खाटा भरल्यात तुमच्या माणसांनी. यात चूक काय? आणि आपलं म्हणणं काय होतं? तुमचं रुग्णालय जवळ आहे.

दोन्ही बाजू खऱ्या. असं झालं की समिती नेमतात.

आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलंय. छान झालं. पण आजही मोठा अपघात झाला की कुणाच्या तोंडून पहिला शब्द कुठला निघतो, तेवढा ऐका. इमारत बांधायला पाच वर्षं लागतात. तोंडातलं गाव बदलायला पिढी जाते.

चंदगडचंही तेच. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. बेळगाव कुणाचं, हा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. चंदगडच्या पोटदुखीने त्याचा निकाल केव्हाच लावला.

सिरोंच्याला गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाण 200 किलोमीटरच्या घरात पडतं आणि तेलंगण नदीपलीकडे. अडलेली बाई कुठे नेणार? राज्यगीत म्हणत गडचिरोलीला?

उलट प्रवाहही आहे. बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं नागपूरला येतात. मिरजेला तर कानडी बोलणारे पेशंट शंभर वर्षांहून जास्त काळ येताहेत. सतार आणि सर्जरी, दोन्हींसाठी मिरज प्रसिद्ध. का? डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी 1894 मध्ये तिथे दवाखाना काढला, हे खरंच. पण तो नकाशावर एखाद्या डोंगरात काढला असता तर? मिरज जंक्शन होतं. साहेबाच्या हाताला गुण होता, आणि गाडीला थांबा होता.

राज्यांच्या सीमा आयोगाने आखल्या. रुग्णांच्या सीमा एसटी आणि रेल्वेने.

एसटीवरून आठवलं.

मागच्या पावसाळ्यात पावणेसहाच्या पहिल्या गाडीने निघालो होतो. शेजारी साधारण पन्नाशीचा माणूस. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत फाईल, स्टीलचा डबा आणि घडी घातलेली चादर. डावा हात छातीशी जपून धरलेला, जणू हातात दुधाचं भांडं आहे. कंडक्टरने त्याच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवली होती, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. हातावर कोपराखाली दोरीसारखी फुगलेली शीर. डायलिसिसवाला. "हात लावून बघा, खरखर लागते," म्हणाला. लागली. बोटाखाली घरघंटी फिरावी तशी.

"चादर कशाला?" "मशिनवर थंडी वाजते हो."

मागच्या सीटवर बायको. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणून सोबतीला बायको. मुलगा येत नाही. त्याचं पूर्ण तिकीट, वर रोज बुडतो. सोबत कुणी जायचं हे त्या घरात महामंडळ ठरवतं.

"आठवड्यातून तीनदा ना?" मी विचारलं. "सांगितलंय तीनदा. जातो दोनदा." "डॉक्टर विचारत नाहीत?" "विचारतात. गाडी चुकली म्हणून सांगतो."

चार तास मशिनवर. जाता-येता पाच तास. सांगितल्याप्रमाणे गेलं तर असे तीन दिवस. उरलेल्या चार दिवसांत शेती, संसार आणि दमणं.

आधी दुसऱ्या हॉस्पिटलात जायचा म्हणाला. ते बरं होतं, सिस्टर मायेने बोलायच्या. मग का सोडलं? तिथे सुटायचं पावणेचारला आणि परतीची गाडी साडेतीनची. पुढची थेट साडेसातला. नव्या हॉस्पिटलात अडीचला मोकळं करतात.

गाडीत माझ्या पुढ्यात वर्तमानपत्र होतं. त्यात पानभर जाहिरात, रुग्णालय निवडताना कोणते दहा निकष पाहावेत. साडेतीनची गाडी त्यात नव्हती.

अंतराचा एक डाव फार थोड्यांच्या लक्षात येतो. 1994 मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंवर एक लेख लिहिला. त्यांनी तीन उशीर सांगितले. जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपण सगळे मधल्या उशिरावर बोलतो, कारण त्यात रस्ता येतो, रस्ता आला की टेंडर येतं. पण अंतर पहिल्याच उशिरात घुसलेलं असतं. लांब आहे, म्हणून ठरतच नाही. सकाळपर्यंत बघू. थोडा शेक देऊ. उद्या बाजाराची गाडी आहेच.

पेशंट घराबाहेर पडलेला नसतो आणि अर्धा प्रवास हरलेला असतो.

गडचिरोलीतल्या भामरागडात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटला, ही वर्षानुवर्षं ठरलेली बातमी. आपण ती चहाबरोबर वाचतो. पलीकडे तेव्हा खाटेला बांबू बांधून, चौघांच्या खांद्यावरून कुणाला तरी आणत असतात. मग सरकारने माहेरघर काढलं. दिवस भरत आले की बाईने आधीच आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहायचं. कल्पना चांगली, नाव तर फारच चांगलं. पण घरी गुरं आहेत, धाकटं पोर आहे, भात लावणी आलीय. माहेरी जायला सवड कुठल्या सुनेला असते?

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून काम सुरू केलं. त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. आदिवासींना विचारलं, दवाखाना कसा हवा? असं कोणी विचारतं का? लोकांनी सांगितलं. तुमच्या मोठ्या इमारतींत आम्ही हरवतो, पांढरे कपडे बघून भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढता, आणि देव कुठे आहे? मग झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला. सोबतीच्या माणसांना राहायला जागा. नाव दंतेश्वरी देवीचं.

म्हणजे अंतर सगळंच रस्त्यावर नव्हतं. काही किलोमीटर दवाखान्याच्या दारापासून आत सुरू होत होते.

पुढे तर त्यांनी कमाल केली. बाळाला दवाखान्यात आणण्याऐवजी गावातल्याच बाईला शिकवलं आणि बाळाच्या घरी पाठवलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्याकडे यावर प्रतिक्रिया काय? वा, ग्रेट काम. आणि जिल्ह्याला अजून एक इमारत मंजूर.

इमारतीला फीत असते ना. कापता येते.

फितीवरून सांगतो, नेत्यांचा या बाबतीत काही दुटप्पीपणा नसतो. जिल्ह्याच्या रुग्णालयाबद्दल त्यांचं मत सामान्य माणसासारखंच आहे. उद्घाटनाला फीत कापताना बोट कापलं, तरी पट्टी बांधायला मुंबई.

मुंबई म्हटलं की परळ. टाटा रुग्णालय 1941 पासून तिथे उभं आहे आणि देशातून माणसं तिथे येतात. रेल्वे उदार आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. रेल्वे फुकटात दादरपर्यंत आणून सोडते.

दादरच्या पुढे मुंबई सुरू होते.

आजचा नंबर, उद्याची तपासणी, परवाचा रिपोर्ट, पुढच्या सोमवारी या. सोमवारपर्यंत राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नाही तर परळचा फूटपाथ. फाईल उशाखाली, चपला फाईलखाली. ज्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात कधी अनोळखी गावाला रात्र काढली नाही, त्याने तिथे महिना काढायचा. औषध सोसतं हो, फूटपाथ सोसत नाही.

राज्याच्या आरोग्य योजनेत प्रवासखर्चाचा विचारच केलेला नाही असं म्हणू नका. केलाय. ती 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. पॅकेजमध्ये लिहिलं होतं, की एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं मिळेल. रुग्णालयातून घरी जाण्याचं. फक्त रुग्णाचं.

म्हणजे तुम्ही कसेही या, बरं करून परत पाठवायची जबाबदारी आमची. आणि सोबत आलेली बायको? तिने मागून चालत यावं.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यावर विनोद सुचत नाही. स्तनात गाठ निघाली की अनेकदा दोन वाटा असतात. पूर्ण स्तन काढायचा, किंवा गाठ काढून स्तन वाचवायचा. वाचवला तर पुढे बहुतेक वेळा रेडिएशन लागतं, आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे. मशीन शहरात, बाई गावात. शास्त्राप्रमाणे निवड गाठ बघून करायची. पण फाईल मिटताना डॉक्टरला एक प्रश्न विचारावाच लागतो.

"मुंबईला कोण आहे तुमचं?"

थोरल्या काकू उगाच नव्हत्या विचारत.

ज्यांचं सगळीकडे कुणी ना कुणी आहे, त्यांची तऱ्हा निराळी. आमचा एक चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. दर दोन वर्षांनी येतो. पहिल्या दिवशी आंबे, दुसऱ्या दिवशी कुलदैवत, तिसऱ्या दिवसापासून रूट कॅनाल. बारा हजार किलोमीटर प्रवास करून दाढ भरून घेतो, वर चष्मे चार जोड. तिकडचा डेंटिस्ट घरापासून पाच मिनिटांवर आहे म्हणतो, पण परवडत नाही. आणि इथे आपण "कोण जाणार एवढ्या लांब" म्हणून दुखरी दाढ दोन वर्षं लवंगेवर काढतो.

दाढ तीच. एकाला लांबचा डेंटिस्ट स्वस्त पडतो, एकाला जवळचाही लांब पडतो.

तर अण्णा. अण्णांना पुण्याला नेलं. गाव ते पुणे अडीच तास, गाडी छान, वाटेत मिसळ. अण्णांनीही खाल्ली. मग कळलं की भाचा राहतो वाघोलीला आणि हॉस्पिटल कोथरूडला. ज्यांनी संध्याकाळी नगर रस्ता पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. भाच्याच्या घरून हॉस्पिटल, पावणेदोन तास.

दहा मिनिटांवरचा सर्जन सोडून आलेलो आम्ही, डबा पोचवायला रोज साडेतीन तास खर्च करत होतो. वरण गार, पोळ्या वातड, भाच्याची बायको गप्प.

ओळखीचं काय झालं? मैत्रिणीने बिलिंगच्या खिडकीतून हात हलवला.

बुधवारी भरती झाले. उद्या सकाळी ऑपरेशन ना, असं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "उद्या सर नाहीत. शुक्रवारी." "का हो?" "सर दर गुरुवारी व्हिजिटला जातात. तालुक्याच्या गावी."

आमच्या नव्हे, शेजारच्या तालुक्याला. एवढी तरी देवाने लाज राखली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. उत्तम झालं, हे सांगायला हवं. रविवारी गावाहून दोन जीप भरून माणसं भेटायला आली. कारण पुण्याला ठेवलंय म्हणजे साधं नसणार! तालुक्याला ठेवलं असतं तर कुणी फिरकलं नसतं. अण्णा उशीला टेकून प्रत्येकाला सांगत होते, की केस तशी अवघड होती. भेटायला आलेल्यांनी सारसबाग केली, चितळ्यांची बाकरवडी घेतली आणि तब्येतीला जपा म्हणून अंधार पडायच्या आत निघाले.

हॉस्पिटलने डिस्चार्जचा कागद दिला. दहाव्या दिवशी टाके काढायला या.

दहावा दिवस उजाडला. भाच्याचा फोन आला नाही. अण्णा अंगणात खाटेवर बसलेले. थोरल्या काकूंनी विचारलं, "मग, पुण्याला कधी?" अण्णा एकदम उखडले. "एवढ्यासाठी कोण जाणार पुण्याला? दोन टाके काढायचे, त्याला काय पुणं लागतं?"

मोटारसायकलवर मागे बसून गेले, दहा मिनिटांत. तालुक्याच्या सर्जनने कागद वाचला, जखम बघितली, "छान भरलीय" म्हणाला आणि टाके काढले. कुणी केलं, कुठे केलं, इथे का नाही केलं, काही विचारलं नाही. निघताना अण्णांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या.

"हात हलका आहे पोराचा," परतताना म्हणाले.

फी किती घेतली, मी विचारलं.

"फी? त्याला कसली फी? अंगणात गोट्या खेळायचा तो आपल्या."